हेडचा स्क्रू आणि मेटलच्या अठ्ठावीस कॅसेटी

माळ्यावरून बिस्किटांचा पत्र्याचा मोठा डबा खाली उतरवला तेव्हा आई म्हणाली, "त्यात तुझ्या त्या बोंबा आहेत. टाकून दे म्हटलं तर बाबांनीच टाकू दिल्या नाहीत."

डब्यात अठ्ठावीस कॅसेटी होत्या. सगळ्या मेटलच्या, म्हणजे हेवी मेटल संगीताच्या. सात-आठ दुकानातून रीतसर विकत घेतलेल्या, बाकीच्या भरून घेतलेल्या. भरून देणारा म्हणजे आमच्या चिंचवडच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहणारा दादा. त्याच्याकडे सीडी प्लेअर आणि कॅसेट भरायचा डेक दोन्ही होतं, आणि नव्वदच्या दशकात आमच्या जिन्यात ही फार मोठी श्रीमंती होती. मी ब्लँक कॅसेट नेऊन द्यायचो आणि तो दोन दिवसांनी निळ्या बॉलपेनने गाण्यांची नावं लिहून परत करायचा.

या सगळ्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायच्या असं मी ठरवलं. दोन शनिवार-रविवार पुरतील असा अंदाज होता. गेले साडेचार महिने.

बाबांचं चिंचवडला रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान बंद होऊन बरीच वर्षं झाली, पण एक चांगला डेक त्यांनी स्वतःसाठी ठेवला होता आणि त्यावर ते भीमसेन जोशींचे अभंग ऐकायचे. तो चालू केला तर मोटर फिरतेय आणि रीळ ढिम्म. उघडून पाहिलं तर आतला रबरी बेल्ट वितळून डांबरासारखा झालेला. ते काळं बोटांना लागलं की साबणाने जात नाही, स्पिरिटच लागतं. नवीन बेल्ट मागवला, बाबांनी हेड (पट्टीवरचा आवाज वाचणारा भाग) आणि पट्टी ओढणारा पिंच रोलर कापसाने पुसून घेतले आणि अभंग सुरू झाला. मी लगेच डेकची हेडफोनची पिन लॅपटॉपच्या माइकच्या भोकात खुपसली आणि मेटॅलिका या बँडच्या ‘मास्टर ऑफ पपेट्स’ या अल्बमची पहिली बाजू भरायला लावली.

इथे पहिली माती खाल्ली. माइकचं इनपुट नाजूक सिग्नलसाठी असतं आणि बहुतेक लॅपटॉपमध्ये ते मोनो असतं. त्यात हेडफोनचा तगडा सिग्नल घातला की आवाज फाटतो. भीमसेन जोशी भरत असतो तर दुसऱ्या सेकंदाला कळलं असतं. इथे गिटार मुळातच फाडलेली, त्यामुळे काहीतरी बिघडलंय हे कळायला मला दोन अख्खी गाणी लागली. बाबा दारातून म्हणाले, "हे असंच असतं का रे?" मी म्हणालो, असंच असतं. नव्हतं तसं.

मग बाहेरचा आवाज कॉम्प्युटरमध्ये घेणारा, यूएसबीवर चालणारा छोटा ऑडिओ इंटरफेस घेतला आणि डेकच्या मागच्या लाइन-आउटमधून वायर काढली. लेव्हल अशी ठेवली की सर्वात मोठा ठोकासुद्धा उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ नये. आता आवाज फाटत नव्हता. पण सगळं चादरीआडून ऐकल्यासारखं येत होतं. झांजा गायब, हाय-हॅट (ड्रमसेटमधली झांजांची जोडी) म्हणजे नुसता श्वास. मी म्हटलं, पंचवीस वर्षं माळ्यावर पडलेल्या, आतली पट्टीच खराब झाली असणार.

बाबांनी ऐकलं आणि एवढंच म्हणाले, "हेड वाकडं आहे."

"तुम्ही परवाच पुसलंत की."

"पुसायचा काय संबंध? अभंग नीट वाजतो ना? मग माझं हेड माझ्या कॅसेटला सरळ आहे. तुझ्या कॅसेटला ते वाकडं आहे."

हे मला पूर्ण कळायला संध्याकाळ गेली. हेडमध्ये जी बारीक फट असते ती टेपच्या प्रवासाला बरोबर नव्वद अंशात असावी लागते. याला ॲझिमथ म्हणतात. दुकानात कुणी हा शब्द वापरत नसे, "टोन सेट कर" म्हणत. केसभर तिरपं झालं तरी आधी वरचा, पातळ आवाज जातो, कारण उंच स्वरांच्या लहरी टेपवर इतक्या जवळजवळ उमटलेल्या असतात की तिरप्या फटीला एकाच वेळी दोन-तीन लागतात आणि त्या एकमेकींना मारतात. आणि भरून घेतलेल्या कॅसेटीची गंमत अशी की ती ज्या डेकवर भरली त्याचं हेड जेवढं तिरपं, तेवढाच तिरपेपणा तिच्यावर कायमचा छापला जातो. ती नीट ऐकायची तर आपलंही हेड तेवढंच वाकडं करावं लागतं.

हेडच्या शेजारी दोन स्क्रू असतात, त्यातला एक स्प्रिंगवर बसवलेला असतो. तो फिरवायचा. बाबांनी त्यांचा जुना पितळी स्क्रूड्रायव्हर दिला. लोखंडी चालत नाही, त्यात चुंबक आलेलं असलं तर हेडही चुंबकतं आणि टेपवरचा वरचा आवाज हळूहळू खाऊन टाकतं. कॅसेट चालू ठेवायची, डावा-उजवा आवाज एकत्र करून मोनोत ऐकायचा आणि स्क्रू पाव आट्याच्याही पाव इतका सरकवायचा. मोनोत का, तर फट तिरपी असली की दोन्ही बाजूंचा आवाज एकमेकांच्या किंचित मागेपुढे येतो आणि एकत्र केला की वरचे स्वर खाल्ले जातात. मोनोत झांज सर्वात लख्ख वाजली की समजायचं, लागलं.

मी ‘मास्टर ऑफ पपेट्स’मधलं त्याच नावाचं गाणं लावून स्क्रू फिरवत होतो. आधी आणखी गढूळ झालं. उलट फिरवलं. गढूळ, गढूळ, आणि मग कुणीतरी खिडकी उघडावी तसा हाय-हॅट एकदम खोलीत आला. त्याच्या मागोमाग मेटॅलिकाच्या जेम्स हेटफील्डची गिटार, प्रत्येक फटका वेगळा. हा माणूस त्या गाण्याचा वेगवान रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा तुकडा, जवळजवळ सगळा वरून खाली मारलेल्या फटक्यांनी वाजवतो, खाली-वर असा आराम हाताला देत नाही. त्यातून येणारा करवतीसारखा सलग आवाज हीच त्या अल्बमची ओळख. १९८६चा अल्बम, कोपनहेगनच्या स्वीट सायलेन्स स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालेला, निर्मितीत बँडबरोबर फ्लेमिंग रासमुसेन. बासष्ट रुपयांच्या यूएसबी वायरीतून आणि पितळी स्क्रूड्रायव्हरच्या टोकातून तो चिंचवडच्या स्वयंपाकघराशेजारी पुन्हा उभा राहिला. आईने शिट्टी झालेला कुकर बंद केला आणि दारही.

दादाने भरलेल्या सगळ्याच कॅसेटी स्क्रूच्या त्याच जागेवर लख्ख वाजतील असं वाटलं होतं. अर्ध्याच वाजल्या. उरलेल्या किंचित वेगळ्या कोनात. म्हणजे मधे कधीतरी त्याने डेक बदलला होता किंवा दुरुस्तीला टाकला होता. तारखा कॅसेटीवर होत्याच, त्यावरून अंदाज आला की १९९७च्या दिवाळीच्या आसपास.

भरलेलं गाणं मूळ अल्बमच्या लांबीशी ताडून बघायचं ही माझी पुढची पायरी. ‘मास्टर ऑफ पपेट्स’ हे गाणं ८ मिनिटं ३५ सेकंदांचं आहे. माझ्या कॅसेटवर ते ८ मिनिटं २० सेकंदांत संपत होतं. बाबांचा डेक अभंगावर तपासला, वेग बरोबर. म्हणजे दादाचा डेक भरताना तीन टक्के हळू चालत होता, म्हणून बरोबर वेगाच्या डेकवर तीच कॅसेट तीन टक्के पळते. आणि वेग वाढला की स्वरही चढतो. तीन टक्के म्हणजे साधारण अर्धा सेमीटोन, पांढरी आणि काळी पट्टीच्या बरोबर मधे कुठेतरी.

हे आकडे पडद्यावर बघितले आणि मला अकरावी-बारावीतला सबंध उन्हाळा आठवला. उसनी गिटार घेऊन मी या कॅसेटीबरोबर वाजवायचा प्रयत्न करायचो आणि ती कधीही, कधीही जुळायची नाही. एका पट्टीला लावली तर खाली, वरच्या पट्टीला लावली तर वर. माझा कान खराब आहे असं मी ठरवून टाकलं आणि गिटार परत केली. कान ठणठणीत होता. बेल्ट सैल होता.

त्याच रात्री दादाला फोन लावला. तो आता कॅनडात असतो. त्याला म्हटलं, तुझ्या डेकमुळे माझी गिटार सुटली. तो इतका हसला की वहिनी विचारायला आल्या. "अरे, तो डेक सगळंच रडत वाजवायचा. मी म्हटलं, कॅसेटवर बसतंय ना, मग झालं."

कॅसेटवर बसणं हा तेव्हा मोठाच विषय होता. साठ मिनिटांची ब्लँक स्वस्त, नव्वदची महाग. ‘मास्टर ऑफ पपेट्स’ साठात छान बसतो, दोन्ही बाजू अठ्ठावीस मिनिटांच्या आतल्या. पण मेटॅलिकाचाच १९८८चा ‘...अँड जस्टिस फॉर ऑल’ पासष्ट मिनिटांचा. दुसऱ्या बाजूची पहिली चार गाणी तीस मिनिटांत येतात आणि शेवटचं, ‘डायर्स ईव्ह’, बाहेर राहतं. मला ते गाणं अस्तित्वात आहे हेच नोकरीला लागेपर्यंत माहीत नव्हतं. आजही मला तो अल्बम ‘टू लिव्ह इज टू डाय’ला संपतो. पुढे काही वाजलं की दुसरीच कॅसेट लागल्यासारखं वाटतं.

या ‘जस्टिस’ने तर मला शाळेतही फसवलं होतं. पहिल्यांदा ऐकला तेव्हा त्यात बेस नव्हताच. गिटार आणि ड्रम कोरडे खणखणीत, खाली काही नाही, भिंतीला गिलावा न केलेल्या घरासारखं. मी कॅसेट घेऊन दुकानात गेलो आणि बाबांना म्हटलं, आपल्या टेपचा खालचा आवाज गेलाय. त्यांनी हेड पुसलं, स्पीकर बदलून पाहिला, कंडेन्सर तपासला आणि शेवटी किशोरकुमार लावला. त्यात बेस व्यवस्थित. "टेप ठीक आहे. तुझ्या लोकांनी बेस वाजवलाच नाही." मी चिडलो होतो.

बाबा निम्मे बरोबर होते. वाजवला होता, ऐकू दिला नव्हता. मेटॅलिकाचा बेसवादक, म्हणजे बेस गिटार वाजवणारा, क्लिफ बर्टन १९८६च्या सप्टेंबरात स्वीडनमध्ये बसच्या अपघातात गेला, त्याच्या जागी जेसन न्यूस्टेड आला आणि हा त्याचा बँडबरोबरचा पहिला पूर्ण अल्बम. मिक्स करणाऱ्यांपैकी, म्हणजे सगळ्या वाद्यांचे आवाज एकमेकांत जुळवणाऱ्यांपैकी, स्टीव्ह थॉम्पसनने पुढे जाहीर सांगितलं की बेस इतका खाली न्यायला ड्रमर लार्स उलरिचने लावलं. शिवाय हेटफील्डच्या गिटारचाच खालचा आवाज इतका भरीव की बेसला उभं राहायला जागा उरली नाही. २०१८मध्ये या अल्बमची नव्याने मास्टर केलेली आवृत्ती आली तेव्हाही बेस वर आणला नाही. लोक कुरकुरले. मला बरं वाटलं. तो कोरडेपणा दोष म्हणून सुरू झाला असेल, पण त्या लांबलचक, कोनाकोनाच्या गाण्यांना तो शोभतो. बेस भरून कुणी हौशीने केलेल्या आवृत्त्याही ऐकल्या. गुबगुबीत वाटतात.

त्याच्या उलट टोकाला आयर्न मेडन हा बँड. १९८२चा ‘द नंबर ऑफ द बीस्ट’, गायक ब्रूस डिकिन्सनचा त्यांच्याबरोबरचा पहिला अल्बम, निर्माता मार्टिन बर्च. स्टीव्ह हॅरिस बोटांनी बेस वाजवतो आणि तार फ्रेटवर आपटल्याचा कटकट आवाज तसाच ठेवतो, घोड्याच्या टापांसारखा. बँडचा मालकच बेसवादक असला की बेसवर अन्याय होत नाही. ही कॅसेट दुकानातली होती, पण तिच्या आतली फेल्टची गादी गळून पडली होती आणि पट्टीवर पांढरी बुरशी. खोकं चिकटवलेलं, स्क्रूचं नव्हे. बाबांनी ते चाकूने फोडलं, रीळ पेन्सिलीवर धरून पट्टी मऊ फडक्यातून ओढत पुसली आणि घरातल्या एका स्क्रूच्या खोक्यात घातली. त्या खोक्यावर गणपतीच्या आरत्यांचं लेबल होतं. ते काढायचं का विचारलं तर म्हणाले, "राहू दे. विघ्न येणार नाही."

दुकानातल्या कॅसेटींवर डॉल्बीचं चिन्ह असायचं. भरताना वरचा बारीक आवाज वाढवून ठेवायचा आणि वाजवताना तेवढाच कमी करायचा, की त्याबरोबर टेपची खरखरही कमी होते, अशी ती युक्ती. आमच्या साध्या टेपला डॉल्बीचं बटणच नव्हतं. त्यामुळे आम्ही या कॅसेटी वाढवलेल्या वरच्या आवाजासकट ऐकल्या आणि झांजा अशाच अंगावर येतात असं समजलो. आता बटण दाबून भरलं तर सगळं कसं निवल्यासारखं. बरोबर तेच आहे, हे मला ठाऊक आहे. मी बटण न दाबता भरलं.

हे सगळं करायची गरज काय, नेटवर सगळे अल्बम आहेतच की, असं मित्र विचारायचे. मीही स्वतःला विचारायचो. गायक ऑझी ऑस्बोर्नच्या कॅसेटीपाशी उत्तर मिळालं. ‘ब्लिझर्ड ऑफ ऑझ’ १९८०चा, ‘डायरी ऑफ अ मॅडमन’ १९८१चा, दोन्हींत रँडी ऱ्होड्सची गिटार. माझ्याकडच्या सीडी २००२च्या. त्या आणि कॅसेट आलटून पालटून लावल्या तर गिटार तीच, आवाज तोच, पण खाली चाललेलं काहीतरी भलतंच. कारण मूळ बेसवादक बॉब डेझ्ली आणि ड्रमर ली कर्सलेक यांच्याशी वाद चालला होता, आणि २००२च्या आवृत्तीत त्यांचं वादन पुसून रॉबर्ट ट्रुहियो आणि माइक बोर्डिन यांच्याकडून नव्याने वाजवून घेतलं गेलं. मूळ वादन २०११मध्ये परत आलं. त्या नऊ वर्षांत सीडी घेणाऱ्यांनी डेझ्लीचा तो गाता बेस ऐकलाच नाही. माझ्या बुरसटलेल्या कॅसेटवर मात्र तो होता. मेगाडेथच्या १९९०च्या ‘रस्ट इन पीस’चंही तसंच. २००४मध्ये त्यांच्या गायक डेव्ह मस्टेनने तो पुन्हा मिक्स केला, काही ठिकाणी मूळ गायन सापडेना म्हणून चौदा वर्षांनी नव्याने गायला. गळा तोच असला तरी माणूस तो राहिलेला नसतो, आणि ते ऐकू येतं.

(याच ट्रुहियोला मी ३० ऑक्टोबर २०११ला बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर मेटॅलिकाबरोबर ऐकलं. पुण्याहून रात्रभर बसने गेलो होतो. बेस छातीत ऐकू येत होता. ‘जस्टिस’ची सगळी भरपाई झाली.)

२००८च्या ‘डेथ मॅग्नेटिक’ची कॅसेट अर्थातच नाही. पण तुलनेसाठी सीडीवरची फाइल ‘मास्टर ऑफ पपेट्स’च्या शेजारी पडद्यावर ठेवली. कॅसेटवरचा आलेख सह्याद्रीसारखा, कडे आणि दऱ्या. सीडीचा आलेख म्हणजे वीट. सगळं एकाच उंचीला दाबलेलं, वरचं टोक कापलेलं. गंमत अशी की हाच अल्बम ‘गिटार हीरो’ या खेळासाठी वेगळ्या, न दाबलेल्या मिक्समध्ये गेला, चाहत्यांनी दोन्ही ताडून पाहिले आणि हजारोंनी सह्या करून पुन्हा मिक्स करा म्हणून मागणी केली. दाबलेलं गाणं पहिल्या मिनिटात भारी वाटतं. तिसऱ्या गाण्याला कान थकतात, कारण जोरात वाटायला आधी कुठेतरी हळू असावं लागतं. आणि आता ऑनलाइन ऐकताना सगळ्या गाण्यांची पातळी सारखी केली जाते, त्यामुळे ती वीट उलट बसकी वाटते. एवढं दाबून हाती काय लागलं?

बाबांना या सगळ्यात एकच अल्बम मनापासून आवडला. ब्लॅक सॅबथचा पहिला, फेब्रुवारी १९७०चा. लंडनमध्ये जवळजवळ एका दिवसात वाजवून उरकलेला. पाऊस, घंटा, आणि मग तो तीन स्वरांचा रिफ. बाबा उठले, पेटी काढली. "पांढरी पाचचा सा. वरचा सा. आणि खाली येऊन... तीव्र मध्यम." काळी एकवर बोट ठेवून त्यांनी ते थरथरवलं. "पंचमाला नुसता शिवतो आणि परत येतो. पंचमावर बसला असता तर भजन झालं असतं."

मी त्यांना सॅबथचा गिटारवादक टोनी आयोमी याची गोष्ट सांगितली. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात, कामाच्या शेवटच्या दिवशी, सतराव्या वर्षी उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं यंत्रात गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचाच तो हात. प्लॅस्टिकची बाटली वितळवून त्याने बोटांना टोपणं केली, पातळ तारा लावल्या आणि पुढे १९७१च्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’त तारा दीड स्वर उतरवल्या, दाबायला हलक्या जाव्यात म्हणूनही. त्या सैल तारांचा जडशीळ आवाज पुढे सगळ्या मेटलने उचलला.

बाबा पेटीचा भाता धरून गप्प बसले. भोसरीच्या प्रेस शॉपमध्ये बोटं गेलेली दोन माणसं आमच्याच गल्लीत होती. त्यातले एक दुकानात रोज संध्याकाळी रेडिओ ऐकायला यायचे. "ते तबला वाजवायचे आधी," बाबा म्हणाले. "परत लाव ते."

अठ्ठावीसपैकी पंचवीस उतरल्या. दोन तुटल्या, एकीवर चुकून क्रिकेटची कॉमेंटरी भरलेली निघाली. दादाच्या कॅसेटींच्या मी दोन-दोन फाइली केल्या आहेत. एक वेग दुरुस्त केलेली, एक जशीच्या तशी, तीन टक्के पळणारी. दुरुस्त केलेली मी फारशी लावत नाही, सगळे जरा पेंगत वाजवतायत असं वाटतं.

शेवटची फाइल सेव्ह करून मी डेकच्या वायरी काढत होतो तेव्हा बाबा अभंगांची कॅसेट घेऊन आले. आत टाकली, चालू केली, दोन ओळी ऐकल्या आणि पितळी स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला.

"वाकडं करून ठेवलंस. आण परत जागेवर."